दोन पट्ट्या

ब्राझीलचा झेंडा शिवायला अख्खा दिवस मोडतो.
निळ्या गोलात चांदण्या, चांदण्यांवर अक्षरांची पट्टी.
अर्जेंटिनाच्या सूर्याला तोंड असतं, ते मी ब्रशनं काढतो,
दरवेळी ते दत्तू न्हाव्यासारखं होतं.
इंग्लंडचा सोपा.
पांढरं मांजरपाट, तांबड्या दोन पट्ट्या,
एक उभी, एक आडवी.
तरी चाळीस वर्षांत कुणी मागितला नव्हता.

आमच्या पेठेत वर्ल्डकप म्हणजे पिवळे आणि निळे.
सख्खे भाऊ महिनाभर एका ताटाला बसत नाहीत.
आपला देश त्या स्पर्धेत नसतो,
म्हणून दुसऱ्यांच्या देशांवरनं भांडायचं.

यंदा सेमीफायनलच्या आदल्या दिवशी
पोपट सातपुत्याचा धाकटा आला, सुयोग.
"काका, इंग्लंडचा एक. वीस फुटी. चौकात लावायचाय."
मी म्हटलं, "तुझ्या पणज्याला इचारलंस?"
"त्यो तर वर गेलाय."
"मग वर इचार."

त्याचा पणजा आणि माझा बाप एकाच दुकानात बॉल शिवायचे.
रेसिडेन्सीतला साहेब यायचा,
बॉल नाकाशी धरून हुंगायचा,
मग रुमालानं हात पुसायचा
आणि एक आणा कापायचा.
का, ते सांगायचा नाही.
बाप म्हणायचा, साहेब गेला, बॉल इथंच राहिला.
राहणारच. टाके माझे होते.

बापानं चामडं शिवलं, मी कापड.
माझी वृषाली डर्बीला नर्स आहे, तीही शिवते,
माणसं.
पहिल्या वर्षी फोनवर म्हणाली होती,
"बाबा, ज्या घरावर तो झेंडा असेल ना,
त्या गल्लीतनं मी जात नाही. लांबनं येते.
पंधरा मिनिटं जास्त लागतात, बस्स."
बस्स म्हणाली.
रात्रपाळीनंतरची पंधरा मिनिटं.
इथं मशीनवर बसून किती वर्षं मी ती चाललोय.

आणि परवा व्हिडिओ कॉल.
आठ वर्षांचा अंशुल, गालावर तोच झेंडा,
घामानं उभी पट्टी हनुवटीपर्यंत आलेली.
"समोरच्या म्हातारीनं रंगवलाय," वृषाली म्हणाली,
"गोल झाला तेव्हा कुणीतरी मला मिठी मारली, बाबा.
नावसुद्धा माहीत नाही.
आणि मी पण ओरडले. आपण जिंकलो, असं."
आपण, म्हणाली.
मग जरा थांबली.
"सेमीफायनल हरले तर बघू.
जिंकल्यावर सगळे आपलेच असतात.
हरल्यावर मोजतात,
पेनल्टी कुणाची चुकली, त्याचा आजा कुठल्या बोटीनं आला."

मला तिला म्हणायचं होतं, लोक तसलेच तिकडचे.
पण जीभ उचलेना.
गेल्या हंगामात आमच्या तालमीकडून
नायजेरियाचा एक पोरगा खेळला.
गोल मारला की शाहू स्टेडियमवर त्याला खांद्यावर घ्यायचे,
मीही दोनदा हात लावला.
फायनलला त्याचा बॉल बारवरनं गेला
आणि गॅलरीतनं कुणीतरी ओरडलं.
काय, ते लिहीत नाही.
आवाज माझा होता.

रात्री कापड अंथरलं.
या झेंड्याला उलटं-सुलटं नसतं,
कसाही धरा, तसाच दिसतो.
मधल्या चौकोनात, जिथं पट्ट्या एकमेकींवरनं जातात,
तिथं कापड जाड होतं, सुई अडते.
तिथं बापाचा बॉलचा टाका घातला, दुहेरी, हातानं.
बाप काय म्हणाला असता?
बहुतेक टाका तेवढा बघितला असता.

सकाळी सुयोग आला.
घडी नाकाशी धरली, नव्या कापडाची खळ हुंगली
आणि हसला.
"किती?"
सांगितले त्यातला एक रुपया कमी घेतला.
का, ते सांगितलं नाही.

रात्री ते जिंकले.
चौकात फटाके, पिवळे आणि निळे दोन्ही गप्प,
वर वीस फुटी मांजरपाट, वारा नव्हता म्हणून लोंबणारं.
मी फोन हातात घेतला, परत ठेवला.
तिची रात्रपाळी होती.
सुटल्यावर कुठल्या गल्लीतनं घरी गेली,
हे तिनं आपणहून सांगितलं तर ऐकेन.